अदलाबदलीतील विषम सौदे

दोन माणसे वस्तूला वस्तू देऊन व्यवहार करतात, तेव्हा आपण फसलो असे त्या घटकेस दोघांपैकी कोणालाही वाटत नसते. तसे वाटते तर व्यवहार घडलाच नसता. पारडे कोणाचे जड होते याचा निवाडा पुढे कित्येक वर्षांनी होतो, आणि तोवर माप घालणारे हात बहुधा बदललेले असतात. वसईच्या आसमंतात राहणाऱ्या वाचकांस हे फोड करून सांगावयास नको. गिरीजपासून फार दूर नसलेल्या वसईच्या किल्ल्याचा इतिहास बऱ्याच अंशी अशाच सौद्यांचा इतिहास आहे. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्या ताब्यातील बेटे तहाने पोर्तुगीजांस देऊन टाकली. हुमायून बादशहाची स्वारी समोर दिसत असता समुद्राकडूनही वैर ओढवून घेणे त्यास परवडण्याजोगे नव्हते. त्याच बेटांपैकी मुंबई १६६१ च्या विवाहकराराने इंग्लंडच्या राजाकडे आंदण म्हणून गेली, आणि १६६८ साली त्या राजाने ती वर्षाकाठी १० पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने वसईस कोणता तह केला आणि त्याची किंमत काय पडली, हे तर शाळेतल्या मुलांसही ठाऊक असते. गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण आमच्या भागात तरी कागदोपत्री सिद्ध झालेली आहे.

राज्यांच्या सौद्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्ही ज्या सौद्यांकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, ते खेळाडूंचे आहेत. जेथे खेळ हा धंदा झाला तेथे खेळाडू हा संघाच्या मालमत्तेचा भाग ठरला, आणि मालमत्ता म्हटली की तिची अदलाबदल आलीच. या अदलाबदलीचे जुने व चोख हिशेब बर्फावरील हॉकीच्या दप्तरात सापडतात. हा खेळ आपल्या हवामानात रुजणारा नव्हे. परंतु कॅनडा व अमेरिका येथील नॅशनल हॉकी लीग ही संस्था १९१७ पासून चालत आलेली असल्यामुळे तिच्या सौद्यांचा शेवट काय झाला हे आज निश्चित सांगता येते. या लीगमध्ये होतकरू मुलांची संघांमध्ये आधीच वाटणी होते. ज्या संघाने मुलाचे नाव घेतले त्याचा त्या मुलावर हक्क बसतो, आणि पुढे तो संघ त्याला दुसऱ्या संघास देऊन त्याच्या बदल्यात इतर खेळाडू, पैसे, किंवा पुढील वर्षांच्या वाटणीतील आपला क्रम सुधारून घेतो. काही नामवंतांनी करारातच अट घालून घेतली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ज्याचा सौदा होतो त्याला विचारण्याची रीत नाही.

या दप्तरातील एक प्रसिद्ध सौदा १९६७ च्या मे महिन्यातला आहे. शिकागो ब्लॅक हॉक्स हा संघ त्या हंगामात गुणतक्त्यात पहिला आला होता, पण स्टॅन्ले चषकाच्या बाद फेरीत टोरोंटोकडून हरला. त्या फेरीच्या सहा सामन्यांत फिल एस्पोझिटो या खेळाडूने एकही गोल केला नाही की दुसऱ्याच्या गोलाला हातभारही लावला नाही. शिकागोने त्याला, केन हॉज व फ्रेड स्टॅनफिल्ड या दोघांसह, तक्त्यात तळाशी असलेल्या बॉस्टन ब्रुइन्सला दिले आणि बदल्यात पिट मार्टिन, जिल मॅरॉट व जॅक नॉरिस हे तिघे घेतले. तिघांस तीन; वरवर पाहता माप सरळ दिसते. परंतु १९६८-६९ च्या हंगामात एस्पोझिटोने गोल व साहाय्य मिळून १२६ गुण मिळविले. एका हंगामात शंभरी गाठणारा तो या लीगमधील पहिला खेळाडू होय. बॉस्टनने १९७० व १९७२ या दोन्ही साली चषक जिंकला. शिकागोने १९६१ साली जिंकलेला चषक पुन्हा पाहिला तो २०१० साली. पिट मार्टिन हा वाईट खेळाडू मुळीच नव्हता. त्याने शिकागोसाठी दहा वर्षे इमानाने खेळ केला. तथापि सहा सामन्यांच्या अपयशावरून एका माणसाची किंमत ठरविली गेली, आणि ती चुकली.

हा बॉस्टनचा शहाणपणा म्हणावा, तर त्याच बॉस्टनने तीन वर्षांपूर्वी काय केले होते तेही पाहिले पाहिजे. १९६४ च्या वाटणीत बॉस्टनने केन ड्रायडन नावाच्या एका शाळकरी गोलरक्षकावर हक्क सांगितला आणि थोड्याच दिवसांत तो हक्क माँट्रियल कॅनेडियन्सला देऊन टाकला. त्याबरोबर आणखी एक मुलगा गेला व बदल्यात दोन मुले आली; त्या दोघांपैकी एकही या लीगमध्ये कधी एक सामना खेळला नाही. आपले नाव प्रथम बॉस्टनने घेतले होते, ही गोष्ट खुद्द ड्रायडनला कित्येक वर्षे माहीतच नव्हती. तो कॉर्नेल विद्यापीठात शिकावयास गेला आणि १९७१ च्या वसंतात माँट्रियलकडून बर्फावर उतरला. त्या वर्षी बॉस्टनचा संघ अजिंक्य मानला जात होता. एस्पोझिटोने ७६ गोलांसह १५२ गुणांचा विक्रम केला होता. पहिल्याच फेरीत त्यांची गाठ पडली ती माँट्रियलशी. बाद फेरीपूर्वी लीगचे अवघे सहा सामने खेळलेल्या ड्रायडनने एस्पोझिटोसारख्यांचे फटके अडविले, बॉस्टन सातव्या सामन्यात हरले, आणि अंतिम फेरीत माँट्रियलने शिकागोलाही सातव्याच सामन्यात हरविले. ज्यांनी एस्पोझिटो दिला ते, आणि ज्यांनी ड्रायडन दिला ते, दोघेही एकाच वसंतात दाराबाहेर उभे राहिले. ड्रायडनने एकूण आठ हंगामांत सहा चषक माँट्रियलला मिळवून दिले.

असे सौदे का घडतात याचा विचार केला असता तीन कारणे वारंवार पुढे येतात. पहिले कारण गरज. दुसरे राग. तिसरे, मोठ्या नावाची भूल.

रागाचे उदाहरण पुन्हा माँट्रियलचेच आहे. १९९५ च्या २ डिसेंबर रोजी डेट्रॉईटविरुद्ध माँट्रियलचा संघ ११-१ असा हरला. पॅट्रिक रॉय हा त्या काळचा अग्रगण्य गोलरक्षक. त्याच्यावर नऊ गोल होईपर्यंत प्रशिक्षकाने त्याला स्वगृहीच्या प्रेक्षकांसमोर उभे ठेवले. बाहेर येताच रॉयने संघाच्या अध्यक्षांस तेथल्या तेथे सांगितले की, हा माझा माँट्रियलमधील अखेरचा सामना. चारच दिवसांत त्याला व कर्णधार माइक कीन याला कोलोरॅडोला देण्यात आले व तीन खेळाडू घेण्यात आले. सहा महिन्यांत कोलोरॅडोने चषक जिंकला. माँट्रियलने १९९३ साली रॉयच्या बळावर जिंकलेला चषक २०२५ पर्यंत पुन्हा त्यांच्या हाती आला नव्हता. चार दिवसांत केलेल्या सौद्याचे व्याज तीस वर्षे भरावे लागले.

मोठ्या नावाची भूल म्हणजे काय ते एरिक लिंड्रॉसच्या सौद्यावरून समजते. क्युबेकच्या संघाने १९९१ साली या तरुणाचे नाव घेतले. त्याने तेथे खेळण्याचे साफ नाकारले. १९९२ साली फिलाडेल्फियाने त्याच्यासाठी पीटर फोर्सबर्गसह सहा खेळाडू, वाटणीतील पहिल्या फेरीचे दोन हक्क आणि दीड कोटी अमेरिकन डॉलर दिले. लिंड्रॉस खरोखरच मोठा खेळाडू निघाला. १९९५ साली लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. परंतु डोक्यास झालेल्या दुखापतींनी त्याचा खेळ आखूड केला आणि त्याच्या हातून फिलाडेल्फियाला चषक मिळाला नाही. क्युबेकचा संघ १९९५ साली डेन्व्हरला हलला व कोलोरॅडो झाला. फोर्सबर्गच्या जोडीस रॉय येऊन मिळाला तो तेथेच. एका सौद्यातील नफा दुसऱ्या सौद्यातील नफ्यावर चढला. याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे क्रिस ड्रेपर. १९९३ साली विनिपेगने हा खेळाडू डेट्रॉईटला एका डॉलरला दिला. नाव नसल्यामुळे भूलही नव्हती. तो डेट्रॉईटकडून हजाराहून अधिक सामने खेळला व चार चषकांचा वाटेकरी झाला.

सर्वच सौद्यांचा निवाडा इतका सोपा नसतो. १९८८ च्या ऑगस्टमध्ये एडमंटनने वेन ग्रेट्स्की याला लॉस एंजेलिसला दिले, तेव्हा कॅनडात राष्ट्रीय शोक झाल्यासारखे वातावरण पसरले आणि सरकारने हा सौदा थांबवावा अशी मागणी संसदेतील एका सभासदाने केली. बदल्यात मिळालेले दीड कोटी डॉलर व इतर खेळाडू या माणसापुढे क्षुल्लक वाटले. पण १९९० साली चषक जिंकला तो एडमंटनने, ग्रेट्स्कीवाचून. आणि ग्रेट्स्कीच्या हाती तो पुन्हा कधीच आला नाही. चषक मोजावे तर एडमंटन जिंकले. नारळ-सुपारीच्या देशात बर्फ खेळविण्यासारखे जे काम ग्रेट्स्कीने कॅलिफोर्नियात करून दाखविले ते मोजावे तर लॉस एंजेलिस. तेव्हा माप कोणते धरावयाचे, हे आधी ठरविल्यावाचून सौदा विषम म्हणणे घाईचे होय.

आता आपल्या घराकडे वळू. क्रिकेट हा आपल्याकडे फार काळ धंदा नव्हता; परंतु माणसे एका संघातून दुसऱ्या संघात ओढली जात नव्हती असे मात्र नाही. ते काम संस्थाने करीत. सांगलीचे विजय हजारे हे १९३९-४० साली रणजी सामन्यांत महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध पुण्यास खेळताना नाबाद ३१६ धावा करून गेले. त्या स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्यानंतर हजारे बडोद्याच्या आश्रयास गेले. ज्यांच्याविरुद्ध त्यांनी त्रिशतक काढले त्यांनीच त्यांस आपलेसे केले. बडोद्याने १९४२-४३ व १९४६-४७ साली करंडक जिंकला; १९४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे व गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली, आणि तो विक्रम २००६ पर्यंत अबाधित राहिला. महाराष्ट्राला बदल्यात काहीच मिळाले नाही, आणि १९४०-४१ नंतर २०२४-२५ च्या हंगामापर्यंत तरी रणजी करंडक त्याच्याकडे परतलेला नव्हता.

हजाऱ्यांस यात कोणीही दोष देऊ नये. त्या काळी क्रिकेटने पोट भरत नव्हते. जे संस्थान नोकरी देई तेथे खेळाडू जाई. बडोद्याने त्यांच्या चरितार्थाची सोय केली, आणि महाराष्ट्राने केवळ त्यांच्या धावा मोजल्या. हा सौदा विषम झाला खरा, पण त्यात माणसाचा तोटा झाला नाही, हा त्याचा विशेष. १९५२ साली मद्रासला हिंदुस्थानने आपला पहिला कसोटी विजय मिळविला तो याच हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली.

२००८ साली इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली आणि आपल्याकडेही लिलाव व अदलाबदल यांचे रीतसर दप्तर उघडले. येथील नियम हॉकीहून थोडा दयाळू आहे. अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते. मात्र संघाच्या मान्यतेवाचून त्याला आपल्या पायांनी दुसरीकडे जाता येत नाही. रवींद्र जडेजाने राजस्थान संघात असता परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून २०१० चा संपूर्ण हंगाम त्याला घरी बसविण्यात आले. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात चेन्नईने संजू सॅमसन मिळविण्यासाठी त्याच जडेजाला सॅम करनसह त्याच राजस्थानला दिले. दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. दर तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव होऊन बहुतेक करार विसर्जित होतात, म्हणून हॉकीत जसे दहा वर्षांचे भवितव्य हातचे जाते तसे येथे सहसा जात नाही.

याचे उत्तम उदाहरण २०१८ च्या अखेरचे आहे. दिल्लीने हैदराबादकडून शिखर धवन घेतला व विजय शंकर, शाहबाज नदीम आणि अभिषेक शर्मा हे तिघे दिले. अभिषेक तेव्हा १८ वर्षांचा व ५५ लाखांचा. धवनने पुढील तीन हंगामांत अनुक्रमे ५२१, ६१८ व ५८७ धावा केल्या, आणि २०२० साली दिल्ली प्रथमच अंतिम सामन्यास पोहोचली. तीन वर्षांनी विचारले असते तर हैदराबाद बुडाले असेच कोणीही सांगितले असते. पण २०२२ च्या लिलावात हैदराबादने अभिषेकला पुन्हा साडेसहा कोटींस घेतले, आणि १२ एप्रिल २०२५ रोजी पंजाबविरुद्ध त्याने ५५ चेंडूंत १४१ धावा काढल्या. या स्पर्धेत कोणाही भारतीयाने तोवर इतकी मोठी खेळी केली नव्हती. आता बुडाले कोण? आमच्या मते कोणीच नाही. दिल्लीला आज हवा होता, हैदराबादला उद्या मिळाला. २०२३ च्या नोव्हेंबरात मुंबईने हार्दिक पांड्याला गुजरातकडून पैसे देऊन परत आणले व रोहित शर्माचे कर्णधारपद त्याला दिले. तेव्हा मात्र २०२४ च्या हंगामात दहा संघांत मुंबई शेवटची व गुजरात आठवी आली, आणि वानखेडे मैदानावर मुंबईच्याच प्रेक्षकांनी आपल्या कर्णधाराची हुर्यो उडविली. त्याच वर्षी २९ जून रोजी विश्वचषकाचे अखेरचे षटक हार्दिकने टाकले, आणि ४ जुलैस त्याच मैदानावर त्याच्या नावाचा जयघोष झाला. सौदा कोणी केला होता, आणि त्याचा दंड प्रेक्षकांनी कोणाकडून वसूल केला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या सर्व हिशेबात जी रक्कम कधीच मांडली जात नाही ती पाहावयाची तर आम्हांस आमच्या जिल्ह्याबाहेर जावयास नको. शार्दूल ठाकूर हा पालघरचा. सरावाचे सामान खांद्यावर घेऊन पालघरहून बोरिवलीपर्यंत आगगाडीने जाणे-येणे हा त्याच्या कोवळ्या वयातील नित्यक्रम होता. बोरिवलीच्या शाळेत प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला हाताशी धरले. वसई-विरारच्या कित्येक घरांतून आजही अशी मुले पहाटेच्या गाडीत चढतात, म्हणून त्याचा पुढील हिशेब आम्ही सविस्तर देतो. २०१४ च्या लिलावात पंजाबने त्याला २० लाखांस घेतले. २०१७ साली अदलाबदलीच्या नियमाने तो पुण्यास आला. २०१८ साली चेन्नईने २ कोटी ६० लाख दिले. २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनच्या कसोटीत त्याने पहिल्या डावात ६७ धावा व सामन्यात सात बळी मिळविले आणि देशाने ती मालिका जिंकली. २०२२ साली दिल्लीने १० कोटी ७५ लाख मोजले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याला कोलकात्यास दिले. त्याच सुमारास अमन खान हा तरुण कोलकात्याहून दिल्लीस आला. एका वर्षाने कोलकात्याने त्याला सोडले व चेन्नईने ४ कोटींस घेतले. २०२४ च्या नोव्हेंबरातील लिलावात त्याच्यावर बोली लावण्यास एकही संघ पुढे आला नाही. २०२५ च्या मार्चमध्ये लखनौने एका जखमी खेळाडूच्या जागी त्याला बोलाविले, आणि नोव्हेंबरात २ कोटींच्या किमतीने तो अदलाबदलीतून मुंबईस आला. अशा रीतीने तो तिसऱ्यांदा हस्तांतरित झाला.

या अकरा वर्षांत त्याची किंमत २० लाखांवरून पावणेअकरा कोटींवर चढली, शून्यावर उतरली आणि पुन्हा दोन कोटींवर स्थिरावली. त्याचा खेळ इतका चढला वा उतरला होता काय? मुळीच नाही. चढउतार झाला तो गरजवंतांच्या गरजेचा. ज्या लिलावात त्याला कोणी विचारले नाही त्यानंतर चारच महिन्यांनी, २७ मार्च २०२५ रोजी, हैदराबादविरुद्ध त्याने चार गडी बाद केले. बाजाराने लावलेली किंमत ही माणसाची किंमत मानली असती, तर तो त्या दिवशी मैदानावर उतरलाच नसता.

आमच्या वाचकांत ज्यांच्या घरी मैदानाकडे ओढ असलेली मुले आहेत त्यांनी या इतिहासातून काय घ्यावे? खेळ सोडवावा, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे पळपुटेपणाचे होईल, आणि मुलांच्या हौसेवर अन्यायाचेही. परंतु ड्रायडनच्या चरित्रातील एक प्रसंग त्यांनी ध्यानी ठेवावा. चषक जिंकत असतानाच तो माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत होता. १९७३ साली संघाने देऊ केलेले वेतन त्याला कमी वाटले, तेव्हा तो संपूर्ण हंगाम खेळला नाही. टोरोंटोतील एका वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करीत राहिला. त्या हंगामात माँट्रियल पहिल्याच फेरीत बाद झाले. पुढल्या वर्षी संघाने त्याच्याशी नवा करार केला, आणि तो आपल्या अटींवर परतला. ज्या मुलाचा हक्क त्याच्या नकळत एका संघाने दुसऱ्यास दिला होता, त्या मुलास पुढे आपला सौदा आपण करता आला, तो केवळ गोल अडविण्याच्या कौशल्याने नव्हे. खेळावाचूनही आपण उभे राहू शकतो हे त्याला ठाऊक होते, आणि त्याच्या मालकांसही ठाऊक होते. पहाटेच्या गाडीत चढणाऱ्या मुलाच्या पिशवीत बॅटीशेजारी पुस्तकही असावे, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.